किनाऱ्यावरचे खड्डे आणि मोहरांचं वेड



आपल्या सोसायटीच्या पेजवर एरवी डिझेलच्या सबसिडीचे कागद, हवामानाचा इशारा, टोकनची तारीख एवढंच असतं. आजचा मजकूर लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. ज्याला पटणार नाही त्याने खाली लिहावं किंवा ऑफिसात येऊन तोंडावर बोलावं. मागून बोलू नये एवढीच विनंती.

गेल्या अमावास्येच्या उधाणाला पहाटे ओहोटी लागली तशा बायका नेहमीसारख्या निवट्या धरायला निघाल्या. इकडचे लोक लेवटा म्हणतात तीच आपली निवटी. आमच्या शेजारच्या काकू सगळ्यांत पुढे होत्या. लग्न होऊन आल्यापासूनची पायाखालची वाट, डोळे झाकून गेल्या तरी चुकणार नाही अशी. वाळू संपून गाळ सुरू होतो तिथे त्यांचा पाय गुडघाभर आत गेला. खड्डा पाण्याने भरलेला, वरून सगळं सपाट दिसत होतं. घोट्याचं हाड चिरलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्या बाईचं रोजचं मीठ-तेल रोजच्या टोपलीवर चालतं तिला सहा आठवडे घरी बसणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तो खड्डा भरतीने पाडलेला नव्हता, कुत्र्यानेही उकरलेला नव्हता. कानाला हेडफोन लावून, हातात मेटल डिटेक्टर धरून जी पोरं चार महिने किनारा पिंजून काढत आहेत, त्यांनी तो खणला आणि तसाच सोडून गेली. कोणाची पोरं ते सगळ्यांना माहीत आहे, नावं घेत नाही. एवढं मात्र सांगतो की माझा सख्खा पुतण्या त्यात होता. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, सचिव दुसऱ्याच्या पोरांना अक्कल शिकवतो.

हे वेड आलं कुठून? मोबाइलवरून आलं. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा लागला. त्यात बुऱ्हाणपूरला मुघलांचा खजिना असल्याचं दाखवलं. मार्चमध्ये तिकडे असीरगडाजवळच्या शेतांत रात्री माणसांची झुंबड उडाली. हातात टॉर्च, कुदळ, चाळणी आणि मेटल डिटेक्टर. रस्त्याच्या कामाची माती शेतात पडली होती, तिच्यात मोहरा निघाल्याची आवई उठली होती. शेवटी पोलिसांना यावं लागलं. ते व्हिडिओ आपल्या पोरांनी पाहिले आणि त्यांच्या डोक्यात गणित बसलं. बुऱ्हाणपूर तापीच्या काठावर, सुरत तापीच्या काठावर, आणि तापी समुद्राला मिळते ती आपल्या दारात. म्हणजे वरचं सगळं वाहून इथेच आलं असणार. शिवाय महाराजांनी 1664 ला आणि 1670 ला सुरतेवर स्वारी केली तेव्हा सावकारांनी धन लपवलंच असेल. सुवालीला इंग्रज-फिरंग्यांची लढाई झाली, जहाजं होती, म्हणजे पेट्या बुडाल्याच असतील. असं एकावर एक रचत गेलं की माणसाला झोपेतही मोहरा दिसायला लागतात.

मी पुतण्याला बोललो तेव्हा त्याने मला एका वाक्यात गप्प केलं. म्हणाला, "काका, तुम्ही मासळी आणून द्या, मी यंत्र उद्या विकतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पगडिया मच्छीमाराचं, म्हणजे ज्याच्याकडे होडी नाही आणि जो पायी जाऊन खुंटाला जाळं लावतो त्याचं काय चाललंय, हे माझ्या रजिस्टरमध्ये दिसतं. चालायला किनारा कमी उरला, आणि जाळ्यात येतं त्याहून जास्त प्लास्टिक येतं. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला कंपनीच्या गेटवर महिन्यातले पंधरा दिवस काम मिळतं, उरलेले पंधरा दिवस त्याने काय करावं? म्हणून पोरं आळशी आहेत, फुकटचं खायला सोकावलीत, असं जे काही मोठी माणसं कट्ट्यावर बोलतात ते मला मान्य नाही. आळशी पोरगा मध्यरात्री उठून गाळात जात नाही. पण गरज खरी आहे म्हणून मार्ग बरोबर होत नाही. आधी त्याच्याच हिशेबाने बघू.

तिघांनी मिळून अठरा हजारांचं यंत्र घेतलं. चार महिन्यांत काय निघालं ते मी स्वतः त्याच्या घरी बादलीत पाहिलं. जाळ्याची शिसं, साधारण दोन किलो. बाटल्यांची झाकणं, मोजली नाहीत. खिळे, तारा, साखळीच्या कड्या, गंजलेला गळ, दाराची कडी. आत्ताची चलनातली नाणी, सगळी मिळून एकशे चाळीस रुपयांची. एक चांदीचं पैंजण. आणि एक काळं पडलेलं गोल नाणं, ते शहरातल्या एका माणसाला सातशे रुपयांना दिलं. ते कसलं होतं, केव्हाचं होतं, कोणालाच माहीत नाही. घेणाऱ्याला माहीत असेल, पण तो कशाला सांगेल? फोटोसुद्धा काढलेला नाही. अठरा हजार घातले आणि हजारही हाती आले नाहीत. मासेमारीत इतका तोटा झाला असता तर याच पोराने जाळं विकून टाकलं असतं.

आता यंत्राबद्दल. ते विकणारा जे सांगत नाही ते मी सांगतो. त्या गोल चकतीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून सारखी दिशा बदलणारी वीज फिरते, त्यामुळे खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असला तर त्याच्यात बारीक प्रवाह उठतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागते, मग ते वाजतं. पण खारं पाणीसुद्धा वीज वाहतं. म्हणून ओल्या खाऱ्या वाळूत साधं यंत्र उगाच कुरकुरत राहतं. त्यासाठी वेगळ्या बनावटीचं यंत्र लागतं आणि त्याची किंमत वेगळी. तेही घेतलं तरी नाण्याएवढी वस्तू ते फार तर वीतभर किंवा थोडी जास्त खोल असेल तरच पकडतं. आपल्याकडे काय आहे? तापी शेकडो वर्षं गाळ आणून टाकते आहे. खंभातच्या आखाताची भरती उधाणाला पाच-सहा मीटर चढते, आणि दर खेपेला तोच गाळ ढवळून दुसरीकडे नेऊन ठेवते. सुवालीच्या ज्या खोल पाण्यात मोठी जहाजं नांगर टाकायची तिथे आज काय आहे ते तुम्ही रोज बघता. चारशे वर्षांपूर्वीचं काही खाली असलंच तर ते पुरुषभर गाळाखाली आहे, वीतभर नाही. आणि वर जे आहे ते बरंचसं भरावाचं. ड्रेजरने एका जागचा गाळ उपसून दुसऱ्या जागी टाकलेला. बुऱ्हाणपूरला रस्त्याच्या मातीने जी फसगत केली, तीच इथे ड्रेजिंगची माती करते.

लोहचुंबक दोरीला बांधून फिरणाऱ्यांनी तर एवढंच लक्षात ठेवावं की सोनं, चांदी, तांबं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटतात ती अलीकडची स्टीलची नाणी. म्हणजे लोकांनी तापीमातेला हात जोडून टाकलेले रुपये.

त्या पैंजणाचं मला फार लागलं. ऑगस्ट 2006 चा पूर आठवा. उकाईचं पाणी सुटलं आणि सुरत शहर बुडालं. कोणाच्या घरातलं काय काय वाहून इकडे आलं असेल त्याला हिशेब नाही. वर अश्विनीकुमारच्या घाटावर रोज माणसं जळतात, त्यांची राख तापीत जाते. आपल्यात मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात. ते सोनं शेवटी कुठे येतं? मी कोणाला नावं ठेवत नाही, पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

दुसरा धोका जिवाचा आहे. आपल्या पायाखाली फक्त गाळ नाही. वसईच्या समुद्रातला गॅस पाण्याखालच्या नळीतून हजीऱ्याला येतो. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही देशातली मोठी गॅसची लाइन इथूनच सुरू होते. विजेच्या केबली आहेत. डिटेक्टर सगळ्यांत जोरात वाजतो तो अशाच ठिकाणी, कारण एवढं मोठं लोखंड दुसरीकडे कुठे नाही. पोरगा म्हणतो, "मोठा सिग्नल आहे, पेटी असणार," आणि कुदळ उचलतो. पाइपलाइनच्या हद्दीत विनापरवाना खणणं हा गुन्हा आहे, पण गुन्ह्याची गोष्ट नंतरची. त्या कुदळीचा घाव चुकला तर गुन्हा दाखल करून घ्यायला तो पोरगा उरणार नाही.

आता जरा वेगळं बोलतो. मला जुन्या गोष्टींचं वावडं आहे असं समजू नका. उलट आहे. मी बारावीपर्यंतच शिकलो, पण आपल्या किनाऱ्याबद्दल जे हाती लागेल ते वाचतो. आणि वाचून वाटतं की पोरं चुकीचा खजिना शोधतायत.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने या समुद्राची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात लिहिलंय की भरूचच्या आखातात शिरणं परक्या जहाजांना फार अवघड, भरतीचा लोंढा आणि उथळ वाळूचे बांध यांमुळे जहाज फुटायचं. म्हणून राजाच्या चाकरीतले इथलेच मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन आखाताच्या तोंडाशी उभे राहायचे. त्या होड्यांची नावंही त्याने दिलीत, त्रप्पग आणि कोटिंब. हे मच्छीमार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत, ओढत, बंदरात आणायचे. म्हणजे आज बंदरात पायलट जे काम करतो ते काम दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यासारखी माणसं करत होती. त्याच पुस्तकात आहे की भरूचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या आधीच्या ग्रीक राजांची जुनी नाणी तेव्हाही चालत होती.

नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या नंबरच्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे. नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने, तो कोरवला. त्याने कोणकोणत्या नद्यांवर लोकांसाठी फुकट तरी सुरू केल्या त्याची यादी आहे. त्यात पारादा आहे, दमण आहे, तापी आहे आणि दाहनुका आहे. डहाणू-झाई-उंबरगावकडून इकडे आलेल्या आपल्या माणसांनी हे पुन्हा एकदा वाचावं. तापीवर आणि डहाणूच्या नदीवर होड्या हाकणारे कोण असतील? त्यांची नावं दगडावर कोणी कोरली नाहीत. ती माणसं आपलीच.

आणि सुवाली. 29 आणि 30 नोव्हेंबर 1612. पोर्तुगीजांची चार मोठी गलबतं आणि सव्वीस लहान होड्या एकीकडे, थॉमस बेस्टची 'रेड ड्रॅगन' आणि 'ओसियांडर' ही दोन इंग्रज जहाजं दुसरीकडे. इंग्रज टिकले, त्यानंतर त्यांना सुरतेत वखार मिळाली, 1615 मध्ये त्यांचा वकील थॉमस रो सुवालीलाच उतरला. पुढचं दीड-दोनशे वर्षांचं जे झालं ते सगळ्या देशाने भोगलं. आपण ज्या वाळूवर बोंबील वाळवतो तिथे हे घडलंय.

आता नाण्याचं मोल कशात असतं ते बघा. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांवर नाणी. ती एके ठिकाणी, एकत्र राहिली म्हणून कळलं की नहपानाची नाणी घेऊन त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला होता. सातवाहनांनी क्षहरातांना हरवलं याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नाही. हीच नाणी एकेक करून सातशे-सातशे रुपयांना गेली असती तर? चांदी वितळली असती, आणि सातवाहनांच्या विजयाची ही साक्ष तिच्याबरोबर आटून गेली असती. नाणं कुठे, कोणाशेजारी, किती खोल सापडलं, यात अर्धी गोष्ट असते. जागा गेली की उरतो तो नुसता धातू.

गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी सुंची रीफवर बुडालेल्या जहाजाचा शोध घेतला. तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे. एकेक वस्तू जागेवर मोजून, चित्र काढून वर आणली, म्हणून सांगता आलं की जहाज सतराव्या शतकातलं पोर्तुगीजांचं होतं. कुदळ घेऊन गेले असते तर मिळाली असती भंगाराची मोळी.

अजून एक गंमत सांगतो. जुन्या काळी या किनाऱ्यावर लारी नावाचं नाणं चालायचं. ते गोल नसायचं. चांदीची तार घडी घालून, चपटी करून तिच्यावर शिक्का मारायचे. विजापूरच्या आदिलशहाची लारी आपल्या दाभोळला पडायची. श्रीलंकेत ती वाकवून गळासारखी करत, म्हणून तिला गळाचं नाणंच म्हणायचे. पुतण्याच्या बादलीत जे वाकडे तारेचे तुकडे होते ते त्याने भंगारवाल्याला दिले. त्यांत लारी होती असं मी म्हणत नाही. नव्हती हे मात्र तो छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्याने नीट बघितलंच नाही. तो सोनं शोधत होता.

इथे मला माझ्याच घरची चूक कबूल करायची आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरामागे एक लांबोडा दगड होता. वरच्या टोकाला गोल भोक, खाली आडवी दोन चौकोनी भोकं. आजोबांच्या जाळ्यात आला होता, जाळं फाटलं म्हणून शिव्या देत त्यांनी तो घरी आणला होता असं सांगायचे. आई त्यावर कपडे धुवायची. मी नवीन घर बांधलं तेव्हा गवंड्याने विचारलं, हा दगड पायात टाकू का? मी म्हटलं, टाक. पुढे बऱ्याच वर्षांनी घोघा आणि बेट द्वारकेला सापडलेल्या दगडी नांगरांचे फोटो पाहिले आणि मटकन खाली बसलो. अगदी तसाच. अरब आणि हिंदुस्थानी जहाजं वापरायची त्या जातीचा. शेकडो वर्षांपूर्वी कुठल्यातरी तांडेलाने इथे आपल्या समुद्रात टाकलेला नांगर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीखाली सिमेंटमध्ये आहे. मी पैशासाठी केलं नाही, अडाणीपणाने केलं. पण नुकसान तेवढंच झालं. म्हणून पोरांना बोलताना माझा आवाज चढत नाही.

आता कायदा. बहुतेकांना वाटतं की सापडलं आणि सांगितलं तर सरकार सगळं घेतं, म्हणून गुपचूप विकलेलं बरं. हे अर्धवट ज्ञान आहे. 1878 सालचा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू ट्रेझरीत जमा करायची किंवा जामीन द्यायचा. मग जाहिरात निघते, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख पडते. मालक कोणी निघाला नाही आणि जागेचाही कोणी दावेदार नसला तर वस्तू शोधणाऱ्याला मिळते. जागेचा मालक पुढे आला तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जागामालकाचा. सरकारला वस्तू ठेवायची असेल तर आतल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. न कळवता लपवलं तर मात्र हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू धरलं जातं. त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे सातशे रुपये देऊन अंधारात घेणारा माणूस पोराला मदत करत नव्हता, त्याच्या गळ्यात फास अडकवत होता.

इंग्लंडमध्ये 2009 ला एका माणसाला याच यंत्राने शेतात सोन्याचा मोठा साठा सापडला. त्याने कळवलं. सुमारे 33 लाख पौंड किंमत ठरली, अर्धी त्याला, अर्धी शेतमालकाला मिळाली. त्याच देशात 2015 ला दोघांना साठा सापडला, त्यांनी लपवून विकला. 2019 ला दोघे तुरुंगात गेले, आणि तीनशेच्या आसपास नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली. यंत्र एकच, फरक कळवण्याचा.

पण मी सरकारची बाजू घेऊन बसलेलो नाही. आपल्या माणसाला पोलीस स्टेशनच्या पायरीची भीती वाटते, आणि ती उगाच वाटत नाही. फाटक्या लुंगीतला माणूस जुनं नाणं घेऊन गेला तर पहिला प्रश्न येतो, "कुठून चोरलंस?" एक दिवस बुडवून तो जाणार, साहेब मीटिंगमध्ये, उद्या या. हातात पावती नाही. मग तो दुसऱ्यांदा जाईल का? इंग्लंडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात अशा वस्तू नोंदवून घेणारा अधिकारी असतो, तो वस्तू बघतो, लिहून घेतो, समजावून सांगतो. दहा लाखांवर वस्तूंची नोंद त्यांनी तशी केलीय. आपल्याकडे निदान मासे उतरवण्याच्या जागी महिन्यातून एक दिवस असा माणूस बसावा, जागेवर पावती द्यावी, आणि सांगणाऱ्याचं नाव वस्तूबरोबर लिहावं. नुसती बंदी घालून काही होत नाही. बंदी घातली की खणणारे रात्री खणतात, आणि रात्रीचा खड्डा बुजवला जात नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हे ठराव मांडणार आहे.

एक, जिथे खुंट रोवलेत तिथे, बायकांच्या निवटीच्या वाटेवर आणि पाइपलाइनच्या पाट्यांच्या आत कोणीही कुदळ लावायची नाही. दुसरीकडे काही कारणाने खड्डा झाला तर तो त्याच ओहोटीत बुजवायचा.

दोन, बाहेरून येणाऱ्या खजिनेवाल्यांना कोणीही सभासद होडी भाड्याने देणार नाही, वाट दाखवणार नाही. रोजचे दोन हजार देतात म्हणून मोह होतो, मला कळतं. पण उद्या ते निघून जातील आणि जबाब द्यायला आपण उरू.

तीन, सोसायटीच्या ऑफिसात एक नोंदवही ठेवू. जाळ्यात किंवा वाटेत जे जुनं वाटेल ते, दगड असो, खापर असो, लाकूड असो, लिहायचं. तारीख, मोबाइलमधलं लोकेशन, किती वाव पाणी, कोणाची होडी. शेजारी आगपेटी ठेवून फोटो, म्हणजे आकार कळतो. नाणं चिंचेने, लिंबाने, राखेने घासायचं नाही, त्याने अक्षरंच जातात. समुद्रातून आलेलं लाकूड आणि लोखंड उन्हात ठेवायचं नाही, ते तडकतं, पाण्यातच ठेवायचं.

चार, कलेक्टरला अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर मी लिहून देईन, दोन पंच सोबत येतील, शिक्क्याची प्रत सापडणाऱ्याच्या हातात राहील. एकटा माणूस गेला तर चोर ठरतो. दहा जण सोसायटीचं नाव घेऊन गेले तर खुर्ची पुढे येते.

पाच, "तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा" असा फोन आला तर भरायचं नाही. रिझर्व्ह बँकेनेच 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर केलंय की बँक असा कोणताही व्यवहार करत नाही, तिच्या नावाने फसवणूक चालू आहे. आपल्यातल्या एकाचे साडेचार हजार तसे गेलेत. तो लाजेने बोलत नाही, म्हणून मी नाव न घेता बोलतो.

आणि यंत्राचं काय करायचं? पुतण्याला मी विकायला सांगितलं नाही. काकूंच्या प्लास्टरचे पैसे तिघांनी मिळून दिले, ते त्यांनी आपणहून दिले हे लिहायला हवं. मागच्या रविवारी मी त्यांना बोटी लागतात त्या जागी घेऊन गेलो. अनवाणी पायांची जागा ती. दोन तासांत पाटीभर गंजके खिळे, तुटक्या तारा आणि गळ निघाले, एकेक खड्डा लगेच बुजवला. आणि एका सभासदाचा पावसाळ्याआधी दोर तुटून गाळात गेलेला लोखंडी नांगर सापडला. नवा घेतला असता तर त्याला काही हजार मोजावे लागले असते. त्याने पोरांच्या हातावर पाचशे ठेवले.

चार महिन्यांतली त्या यंत्राची पहिली सरळ कमाई तीच. पोरगा मला म्हणाला, "काका, अजून कोणाकोणाचे नांगर हरवलेत?" म्हटलं, पेजवर विचारतो.

तर विचारतो आहे. ज्यांचे नांगर, साखळ्या आमच्या ओहोटीच्या पट्ट्यात गेल्यात त्यांनी जागा सांगावी. आणि सभेला या. काकूंना खुर्चीवर बसवून आणणार आहोत, ठरावावर पहिलं बोलणं त्यांचं.

आपला,
सचिव